डबा कोठीत, टॉवर नदीपल्याड

आमच्या धंद्यात किस्से गोळा करायला कुठं जावं लागत नाही. फोन उचलला की किस्सा सुरू! कुणाचं नेट येत नाही, कुणाचं फक्त ओट्यावर येतं, आणि एका गिऱ्हाइकाचं तर येतं, पण 'मनापासून येत नाही.' वायरचं काम असतं तर तुटलेली वायर हातात देऊन मोकळं होता आलं असतं. आमचं नेट हवेतून. त्यात काय बिघडलंय हे गिऱ्हाइकाला दिसत नाही आणि खरं सांगतो, पुष्कळदा मलाही दिसत नाही. तरी बॅग खांद्याला लावून जायचं, मान डोलवायची, 'हं' म्हणायचं.

शिरूरला स्टँडच्या मागं आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे मालक बापू आणि मी. टॉवरवरून सिग्नल सोडायचा, गिऱ्हाइकाच्या घरावर छोटी छत्री बसवायची आणि छत्रीतून एक वायर घरातल्या राउटरला. राउटरला इकडं सगळे डबा म्हणतात, म्हणून मीही डबाच म्हणतो. सणसवाडीच्या भाड्याच्या खोल्यांपासून भीमाकाठच्या मळ्यांपर्यंत गिऱ्हाइकं पसरलेली. पण निम्मे किस्से एकाच घरचे. वडगाव रासाईच्या पुढं कोकरे वस्ती आहे, तिथल्या आबा कोकऱ्यांच्या घरचे. चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतंच, "ए, कोकऱ्यांचं सांग!"

तर ऐका.

*

आबांची अर्धी उमर मेंढरांमागं चालण्यात गेली. आता घर बांधलंय, ऊस आहे, थोडा झेंडू आहे. नेट घेतलं ते सुनेसाठी. मी छत्री बसवली, डबा भिंतीला लावला, चहा घेतला आणि आलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन.

"नेटवाले, नेट गेलं."

"आबा, डब्याची लाईट लागलीय का बघा बरं."

थोडी खुडबुड झाली. "लागलीय की. हिरवी."

"मग आता नेट बघा."

"आरं, आलं की!" आणि फोन बंद.

थोड्या वेळानं पुन्हा फोन. पुन्हा तेच. मी लाईट बघायला सांगायचो आणि नेट यायचं! दिवसभर हा खेळ. बापू बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, "तुझ्या जिभेला गुण आहे रे! आता फोनवरच दुरुस्त्या करत जा, पेट्रोल वाचेल."

मला काही सुधरेना. दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि वस्तीवर गेलो. बघतो तर भिंतीवर नुसतेच दोन खिळे!

"मावशी, डबा कुठंय?"

आबांच्या मालकीण शांतपणे म्हणाल्या, "ठिवलाय की नीट." आणि मला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. तिथं पत्र्याची गव्हाची कोठी. रिकामी. मावशींनी झाकण उचललं. आत घडी घातलेल्या वाकळेवर आमचा डबा झोपलेला! धान्य काढायला कोठीला खाली जे तोंड असतं ना, त्यातून वायरी आत घेतल्या होत्या.

"पाली लई झाल्यात," मावशी म्हणाल्या, "आन् एवढी म्हागाची वस्तू कुणी भितीला उगडी टांगतं व्हय?"

म्हणजे मी लाईट बघा म्हटलं की आबा झाकण उचलायचे, नेट कोठीतून बाहेर यायचं. फोन ठेवला की झाकण बंद, नेट कोंडलेलं! मी मावशींना नीट समजावलं, की पत्र्यातून सिग्नल बाहेर पडत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाल्या, "बरं. मंग झाकण थोडं उगडं ठिवते."

*

सून वैशाली. तिची गाठ त्याच दिवशी पडली. पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, पण काम घरूनच. लॅपटॉप घेऊन ती मागच्या खोलीत बसायची आणि तिची छोटी मुलगी दाराशी खेळायची.

"दादा," ती हळूच म्हणाली, "मजा वाटते सगळ्यांना, पण माझं अवघड झालंय. आधी मोबाईलच्या नेटवर आणि आता यावरही, मीटिंग चालू असली की मी मधेच गायब होते. साहेबांनी सांगितलंय, तीन महिने बघतो. नाही जमलं तर ऑफिसला यायचं, पुण्याला."

वस्तीवरून रोज पुण्याला जाऊन येणं म्हणजे दिवस रस्त्यातच. नवऱ्याची नोकरी रांजणगावला. म्हणजे एक तर पोरीला इथं ठेवून तिनं पुण्यात एकटीनं खोली घ्यायची, नाही तर नोकरी सोडायची. त्या घरात लॅपटॉपवर पगार मिळवणारी ती पहिलीच. आबा वस्तीभर सांगत फिरायचे, "आमची सून बसल्या जागी इंग्लिशमधी कमावती!"

तेव्हापासून त्या घरचा फोन आला की मी हातातलं काम टाकून उचलायचो. इतर गिऱ्हाइकांचं नेट गेलं तर त्यांची मॅच बुडते. इथं एका बाईचं घर दोन ठिकाणी व्हायची पाळी होती.

*

डबा पुन्हा खिळ्यावर आला. आठवडा नीट गेला. मग भर दिवसा नेट जायला लागलं. जायचं, दोन मिनिटांनी यायचं, परत जायचं. पुढचा आठवडा पुन्हा सुरळीत. त्याच्या पुढचा पुन्हा वाईट!

कारण शोधलं मावशींनी. वैशालीचा नवरा संदीप रांजणगावला शिफ्टमध्ये. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रातपाळी. रातपाळीच्या आठवड्यात तो दिवसा घरी असतो आणि नेमकं तेव्हाच नेट जातं!

"ह्यो घरात असला की जातंय," मावशींनी जाहीर केलं.

संदीप बिचारा रात्रभर मशीनवर उभं राहून आलेला. "आई, म्या झोपल्यालो असतो गं!"

"झोपल्यालाच असतोस, पर असतोस ना!"

मी हसलो. पण बापूंना फोन केला तर तेच म्हणाले, "असतो रे काहींच्या अंगात करंट. तपासून घे." आता मालकच म्हणतोय म्हटल्यावर तपासणं आलं. मी लॅपटॉपवर सिग्नल लावून बसलो आणि संदीपला घराच्या आत-बाहेर करायला लावलं. तो आत आला, नेट चालू. बाहेर गेला, चालू. पुन्हा आत आला आणि नेट गेलं! मावशींनी टाळी वाजवली. संदीप उंबऱ्यावर तसाच उभा, चेहरा असा की जणू त्यानंच नेट खाल्लंय.

खोटं कशाला बोलू, क्षणभर माझाही विश्वास बसला. मग बाहेर खट् खट् खट् आवाज ऐकू आला आणि चहूबाजूंनी विहिरींच्या मोटारी घुमायला लागल्या. डोक्यावरचा बल्ब मंद झाला. मोटारींची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. लाईट आली की सगळ्यांच्या मोटारी आपोआप एकदम सुरू होतात, घरातली लाईट दबते आणि डबा गचके खाऊन बंद पडतो. लाईटची पाळी आणि संदीपची पाळी नेमकी एकाच सोमवारी बदलायची!

डब्याला आणि छत्रीला बॅटरी लावून दिली. नेट जायचं थांबलं. पण मावशींना ते बॅटरीचं काही पटलं नाही. अजूनही वैशालीची मीटिंग असली की त्या संदीपला उठवून गोठ्यात झोपायला पाठवतात.

*

मग मेंढरं आली.

ऊस तुटून रान मोकळं झालं की शेतकरी त्यात मेंढरं बसवतात. कळप रात्रभर रानात बसतो, लेंड्यांचं खत मिळतं, आणि मेंढकऱ्यांना त्याबदल्यात दाणे द्यायचे. आबांच्या रानात त्यांच्याच नात्यातल्या मेंढकऱ्यांनी वाडा टाकला, म्हणजे जाळीच्या कुंपणात कळप बसवला. त्या दिवसापासून वैशालीचा चेहरा पलीकडच्यांना थिजलेला दिसायला लागला आणि तोंड तिसऱ्याच वेळी हलायला लागलं.

मी डब्यात डोकावून पाहिलं तर त्याला जोडलेल्या मोबाईलची ही लांबलचक रांग! बाहेर येऊन बघतो तर घराच्या मागच्या भिंतीला टेकून मेंढकरी ओळीनं बसलेले, प्रत्येकाच्या हातात मोबाईल. समोर मेंढरं आपली आपण चरतायत.

"आबा, यांना पासवर्ड कुणी दिला?"

"म्या," आबा म्हणाले. "दाणं द्याया गेलो, तर म्हनले दाणं हायत मामा, औंदा नेट द्या."

मी कपाळाला हात लावला आणि पासवर्ड बदलून टाकला. आबांना ते कळलं तसे ते उठून बाहेर बाजेवर जाऊन बसले. त्या घरातून चहा न पिता निघायची माझी ती पहिली वेळ. शेवटी मीच जवळ गेलो.

"आबा, वैशालीच्या कामासाठी केलं हो."

"कामाचं कळतंय मला. पर दारात आल्याला मानूस पानी मागतो, आन् तुमी माठाला कुलूप लावताय!"

मी म्हटलं, बरं, दोन नेट करू. एक घरचं, एक पाहुण्यांचं. पाहुण्यांना थोडं कमी स्पीड सोडू.

आबा माझ्याकडं बघतच राहिले. "म्हंजी पाव्हण्याला येगळं ताट? आन् त्येच्यात कमी वाढायचं?"

संध्याकाळपर्यंत मेंढकऱ्यांकडं दोन्ही पासवर्ड होते!

मग मी वेगळीच युक्ती केली. वैशालीसाठी एक तिसरं नेट केलं. मोबाईलवर त्याचं नावच दिसणार नाही असं, पासवर्ड फक्त तिलाच, आणि स्पीड आधी तिला. राहिलेलं सगळं एकत्र करून त्याला नाव दिलं 'कोकरे' आणि आबांना सांगितलं, हे घरचं मुख्य नेट, कुणालाही द्या. आबा खूश. चहा आला. माझ्यापुरता प्रश्न मिटला. फक्त मेंढकरी पुढच्या मुक्कामाला जायचं नाव काढेनात. रानात खताचा थर वाढत चालला आणि शेवटी आबाच मला बाजूला घेऊन कानात म्हणाले, "नेटवाले, दोन दिस जरा हळू सोडा की."

*

आता पांडुरंगमामांचं. आमचा टॉवर भीमेच्या पलीकडं, दौंड तालुक्यात. तो ज्या घराच्या छतावर उभा आहे ते घर मावशींच्या भावाचं, म्हणजे पांडुरंगमामांचं. आबा म्हणायचेच, "आमचं नेट सासुरवाडीचं हाय."

आबांच्या घरी खंडोबाचं जागरण झालं. धांदलीत पांडुरंगमामांना आमंत्रण गेलं ते मोबाईलवर, सगळ्यांना पाठवलेलं तेच. घरी जाऊन कुणी नारळ दिला नाही. मामा जागरणाला आले नाहीत. आणि दोन दिवसांनी कोकऱ्यांचं नेट गेलं!

"त्यानंच फिरिवलं," आबांनी निकाल दिला.

"अहो आबा, असं कुणाला फिरवता येत नाही."

पुलावरून पलीकडं गेलो, टॉवरवर चढलो. कोकरे वस्तीकडं तोंड असलेला अँटेना बरोबर दुसरीकडं बघत होता. बाकीचे सगळे जागच्या जागी. खाली मामा खुर्ची टाकून बसलेले.

"मामा, हा कसा फिरला?"

"वारं," मामा म्हणाले.

त्या दिवसांत झाडाचं पान हलत नव्हतं. मी अँटेना सरळ केला, बोल्ट आवळले. दोन दिवस झाले नाहीत तोच पुन्हा फिरला.

"मामा?"

"वारं!"

शिडीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या खिशात. मामांचे गुडघे असे की पायरी चढताना दोघांनी धरावं लागतं. मी पुरता चक्रावलो. बापूंना विचारलं तर म्हणाले, "घरगुती मामला आहे, आपण पडायचं नाही."

इकडं वैशालीचे तीन महिने संपत आलेले. एकदा ती मुलीला मांडीवर घेऊन नुसती बंद लॅपटॉपसमोर बसली होती. ते आबांनी बघितलं. दुसऱ्या दिवशी टोपी-टॉवेल आणि नारळ घेऊन आबा आणि मावशी पुलापलीकडं गेले. मामांना टोपी-टॉवेल दिला, हातात नारळ दिला, जेवायचं आमंत्रण केलं. तासभर दोघं मेव्हणे एकमेकांकडं पाठ करून बसले म्हणे, मग दोघंही एकदम बोलायला लागले.

मी संध्याकाळी टॉवरवर चढलो. अँटेना कोकरे वस्तीकडं तोंड करून सरळ उभा होता. मी हात लावला नव्हता! त्यानंतर वावटळ आली, वळवाचा पाऊस आला, पण तो हलला नाही. तुम्ही मला विचारू नका, मला माहीत नाही.

*

आता शेवटचा किस्सा, आणि हा माझ्या डोळ्यांदेखत झालेला.

वैशालीचे तीन महिने भरले. सकाळी अकराला साहेबांबरोबर मीटिंग, दोघांचीच. नेट टिकलं तर घरून काम चालू, तुटलं तर पुण्याला. एवढं सरळ.

मी दहालाच वस्तीवर हजर. बघतो तर सगळ्या वस्तीला खबर! आजूबाजूच्या मळेकऱ्यांनी आपापल्या मोटारी बंद ठेवलेल्या. मावशींनी मोठी पाटी घेऊन घरातल्यांचे आणि आल्यागेल्यांचे मोबाईल सोनं गोळा करावं तसे गोळा केले आणि पाटी मांडीवर घेऊन बसल्या. फक्त आबांचा मोबाईल त्यांच्या हातात, कारण पलीकडं पांडुरंगमामा पहाऱ्याला होते. "दाजी, म्या शिडीखालीच बसलोय! पाखरू बसू देणार न्हाई!"

अकरा वाजले. साहेब स्क्रीनवर दिसले. मावशींनी चटकन डोक्यावर पदर घेतला. मी दाराआड बसून माझ्या लॅपटॉपवर सिग्नल बघत होतो. सगळं चोख. वैशाली बोलत होती, साहेब मान हलवत होते. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आबा मिनिटं मोजल्यासारखे ओठ हलवत होते.

आणि साहेब थांबले. तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला, हात हवेत. हलेचनात.

"सर? सर, आवाज येतोय का?"

काही नाही. मग स्क्रीन काळी.

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. मी बघतोय तर सिग्नल भरपूर! स्पीड भरपूर! डब्याच्या लाईटी हिरव्यागार! छत्री बघितली, वायर बघितली, बॅटरी बघितली. कुठंच काही बिघडलेलं नाही आणि मीटिंग तर तुटलेली. आबा फोनवर ओरडले, "पांडबा! वारं सुटलं काय रं?" तिकडून मामा, "शप्पथ घेऊन सांगतो दाजी, अँटिना जिथल्या तिथं हाय!"

वैशालीनं लॅपटॉप मिटला. डोळे भरून आले होते तिचे. मुलगी तिच्या पदराला ओढत होती. मला तर जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

तेवढ्यात मावशींच्या पाटीतला एक मोबाईल वाजायला लागला. सगळ्या मोबाईलमधून तो सापडेपर्यंत दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तो वैशालीचा असल्याचं कळलं. साहेबांचा फोन! तिनं तो स्पीकरवर टाकला.

"वैशाली, सॉरी, सॉरी!" साहेब घाईघाईनं बोलत होते. "मी आज घरूनच बसलोय आणि इथलंच नेट गेलं. हे असं आठवड्यात कितव्यांदा झालं! तुझं मात्र अगदी क्लिअर होतं. तुमच्याकडं कोण बघतं गं नेटचं?"

"इथंच आहेत सर, आमचे दादा."

"त्यांना विचार ना जरा. माझ्या राउटरवर लाल लाईट लागलीय. इथं कुणी फोन उचलत नाही, दोन दिवस माणूस येणार नाही म्हणतात. मला काही कळतच नाहीये काय करायचं! आणि तुझं ते पुण्याला यायचं राहू दे आता. आधी माझं काहीतरी होऊ दे."

मी 'आधी बंद करून चालू करा' असं सांगायला तोंड उघडलं, तोवर आबांनी फोन हातात घेतला होता.

"साहेब, म्या वैशालीचा सासरा बोलतोय. तुमी आसं करा, त्यो डबा ऱ्हाऊ द्या तसाच. कपडं भरा, बायकापोरं घ्या, आन् हिकडंच या कामाला. खोली रिकामीच हाय!"